तिकिटावर संत, दाखल्यातून बेदखल

४ सप्टेंबर २०१६ रोजी रोममध्ये मदर तेरेसांना संतपद जाहीर झाले. त्याच दिवशी भारतीय टपाल खात्याने मुंबईत त्यांच्यावरील विशेष तिकिटाचे प्रकाशन केले. त्या हयात असताना, १९८० सालीही त्यांचे तिकीट निघाले होते. कुष्ठरोग्यांना जवळ करणाऱ्या बाईंचा सन्मान झाला, याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे.

टपाल तिकीट म्हणजे ‘हा माणूस आमचा’ अशी राज्यसंस्थेची छापील कबुली. ही कबुली कोणाला किती उशिरा मिळाली, तेही पाहा. बाबासाहेबांचे पहिले तिकीट महापरिनिर्वाणानंतर दहा वर्षांनी, १९६६ साली निघाले. जोतीराव १८९० साली गेले, तिकीट १९७७ चे. सावित्रीमाई १८९७ साली गेल्या, तिकीट १९९८ चे. मध्ये तब्बल १०१ वर्षे!

आता आपल्या नगर जिल्ह्यात या. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावात १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेबांनी महार वतनाच्या गुलामीविरुद्ध परिषद गाजवली. त्याच हरेगावात दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. या पट्ट्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे महार-मांग. गावकीच्या जाचातून सुटायला कोणी क्रूस धरला, कोणी १९५६ नंतर बुद्धाची वाट धरली. वस्ती बदलली नाही आणि गावाची नजरही बदलली नाही.

पण कायदा काय म्हणतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. दर्जा नाही म्हणून आरक्षण नाही, राखीव मतदारसंघ नाही, आणि अन्याय झाला तर ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. म्हणजे ख्रिस्ती संत राज्यसंस्थेला चालतो, पण ख्रिस्ती झालेला दलित दलित म्हणून चालत नाही.

चर्चही यातून सुटत नाही. २०२२ साली तमिळ भूमीतील देवसहायम यांना संतपद मिळाले. त्याआधी त्यांच्या नावातले ‘पिल्लई’ हे जातिवाचक पद काढावे लागले. जात क्रूसाखालीही टिकते, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

आपलेच काही बांधव म्हणतात, ‘ते आत आले तर आपला वाटा कमी होईल.’ मित्रांनो, धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपण ३४ वर्षे दाराबाहेर उभे होतो. तेव्हा हाच युक्तिवाद आपल्याविरुद्ध वापरला गेला असता तर? लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात वाटा वाढवा, ही मागणी आपण एकत्र केली पाहिजे. भावाला दाराबाहेर ठेवणे हा तिचा पर्याय नव्हे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. त्यापुढे हरेगावच्या वस्तीची बाजू मांडणे हे आपलेही काम आहे. तिकीट पाकिटावर चिकटते आणि शिक्का बसला की संपते. जातीचा शिक्का मात्र धर्म बदलूनही पुसला जात नाही. तो पुसायची लढाई बाबासाहेबांनी आपल्यावर सोपवली आहे.

जय भीम! जय संविधान!