ग्रीन कार्ड, अमेरिकेचे

अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना. नोकरी, जवळचे नाते, गुंतवणूक किंवा आश्रय अशा वाटांनी तो मिळतो. पुण्या-मुंबईचे अभियंते बहुधा एच-१बी व्हिसावर जातात. मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. पुढे कंपनी त्यांच्यासाठी अर्ज करते आणि त्या अर्जाची तारीख हाच रांगेतला नंबर ठरतो.

खरी अडचण इथेच आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवली आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. भारताला आणि आइसलँडला एकच माप, त्यामुळे भारतीयांची रांग लांबते; हे न्यायाचे नाही. रांग कोणत्या तारखेपर्यंत आली ते सांगणारे अमेरिकी सरकारचे व्हिसा बुलेटिन दरमहा निघाले की घरोघरी आधी ती तारीख किती सरकली ते पाहिले जाते.

या लांबलेल्या रांगेची सर्वाधिक झळ मुलांना बसते. २१ वर्षे पूर्ण झाली की आईवडिलांच्या अर्जातून त्यांचे नाव गळू शकते.