दांडपट्ट्याची भिस्त पायांवर

राजकीय बातम्यांत रोज भेटणारा ‘पवित्रा’ हा शब्द मुळात आखाड्यातला. शस्त्र चालवताना घ्यायची पायांची आणि अंगाची ठेवण म्हणजे पवित्रा. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत दांडपट्टा फिरू लागला, की बघ्यांचे डोळे पात्यावर खिळतात. पाते तोलले जाते ते मात्र पायांवर. २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळालेल्या या शस्त्रामागचे पदार्थविज्ञान समजून घेण्याजोगे आहे.

मनगटाला रजा

दांडपट्ट्याच्या मुठीवर खोबळा असतो. हे धातूचे आवरण पंजा आणि मनगट झाकते. आतली आडवी दांडी मुठीत धरली, की पाते हाताच्याच रेषेत येते. मनगट जखडल्यामुळे गती खांदा, कंबर आणि पाय यांतून आणावी लागते.

ऑलिम्पिकमधील तलवारबाजीचे तंत्र वेगळे. तेथील ‘फॉइल’ ५०० ग्रॅमहून हलकी असते. १४ मीटर लांब, जेमतेम दोन मीटर रुंद पट्टीवर खेळाडू सरळ रेषेत पुढे-मागे होतात. मागचा पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन तेवढ्याच बलाने खेळाडूला पुढे ढकलते. दांडपट्टा मात्र अनेकांनी वेढलेल्या योद्ध्याचे शस्त्र. त्याची वाट वर्तुळाची.

वर्तुळाचे गणित

खांद्यापासून मुठीपर्यंत ६० सेंटीमीटर आणि पाते एक मीटर धरू. हात ताठ ठेवून सेकंदाला एक फेरी घेतली, तर टोकाचा वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर होतो. दोन फेऱ्या घेतल्यास ७२. पाते अर्धा किलोचे असेल, तर पहिल्या वेगात ते हाताला सुमारे सव्वादोन किलो वजनाइतकी ओढ देते. दुसऱ्या वेगात नऊ किलोंइतकी. वेग दुप्पट, ओढ चौपट.

या ओढीची दिशा क्षणोक्षणी बदलते. गुडघे वाकवल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, पाय फाकवल्याने आधार रुंदावतो आणि तोल टिकतो. पवित्रा बदलत राहायचा तो याचसाठी.

लिंबू का हलत नाही?

धार बारीक असल्याने बल अत्यल्प जागेवर एकवटते. पाते वेगात असल्याने जडत्वामुळे जागीच राहिलेले लिंबू ढळण्याआधीच दुभंगते.

थांबवणे अवघड

वेगाबरोबर पात्याची ऊर्जाही चौपट होते, म्हणून फिरवण्यापेक्षा ते ऐनवेळी थांबवणे कठीण. खांद्यापासून टोकापर्यंतचे १.६ मीटर आणि पुढे पडणारे पाऊल मिळून अडीच मीटरचा परिसर सहज व्यापला जातो. अरुंद रस्त्यावर गर्दी पुढे सरकते, तेव्हा हे अंतरच सर्वांत आधी आटते. त्यामुळे बघ्यांचे रिंगण याहून मोठे हवे. आधी लाठी आणि पवित्रे, मग पट्टा, हा शिकण्याचा क्रमही त्यामुळेच शहाणपणाचा ठरतो.