थळघाटातील ‘बँकर’

इंग्रजी ‘बँक’ या शब्दाचे मराठीतील रूप विचारले असता कोणीही पेढीकडे बोट दाखवील. परंतु इगतपुरीच्या रेल्वे कामगाराच्या तोंडी ‘बँकर’ म्हणजे सावकार नव्हे. कसाऱ्याहून इगतपुरीस चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारे इंजिन होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग १८६५ साली खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. एकट्या इंजिनास तो भारी पडतो. शिवाय सारा भार पुढूनच ओढल्यास डब्यांमधील सांधा तुटून मागचे डबे उतारावरून घरंगळण्याचे भय असते. म्हणून कसाऱ्यास मागे बँकर लावावयाचे व इगतपुरीस सोडावयाचे, अशी रीत पडली.

इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ, मातीचा बांध. आणि रेल्वेच्या परिभाषेत लोहमार्गावरील तीव्र चढ. बँकर हे त्या चढावरचे इंजिन. पेढी या अर्थाची ‘बँक’ इटालियनमधून आली असून तिचा मूळ अर्थ सराफाचे बसावयाचे बाक असा आहे. मुळाशी दोन्ही जर्मानिक गोत्रातील एकाच शब्दाला जाऊन मिळतात. मौज अशी की, आपला ‘बाक’ही पोर्तुगीजांकरवी आलेला त्याच घराण्यातला आहे.

म्हणजे एकच शब्द मराठीत तीन वाटांनी आला. मात्र घाटात साधित शब्द आला आणि त्याचे मूळ मागेच राहिले : चढाला ‘बँक’ म्हणण्याची गरज आपणांस पडली नाही, कारण ‘चढ’ आणि ‘घाट’ हे शब्द घरचेच होते. उलट ‘घाट’ आपणच इंग्रजांना दिला. त्यांनी तो खिंडीवरून साऱ्या पर्वतास लावला, आणि आपण ‘पश्चिम घाट’ म्हणून तो परत घेतला. सह्याद्री हे नाव हाताशी असताना!

येथे कोशकारांपुढे खरा प्रश्न उभा राहतो. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, घाटमार्गाच्या आधीची. तीत या अर्थाची अपेक्षा करणे अन्याय्य ठरेल. पुढील संग्राहकांना तशी सबब नाही. इंग्रजी कोश समोर ठेवून ‘बँकर’चा अर्थ लिहू जाणाऱ्यास पेढीवालाच सापडणार; इंजिन सापडावयाचे तर इगतपुरीच्या फलाटावर जाऊन कान द्यावा लागेल. आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. २०१९ साली नाशिकमार्गे सुरू झालेल्या मुंबई–दिल्ली राजधानी गाडीस पुढे-मागे अशी दोन इंजिने जोडण्यात आली, ती घाटात बँकरसाठी थांबावे लागू नये म्हणूनच.