व्हॅनचं व्हील बेअरिंग गेलंय का, कसं ओळखायचं?

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरताना माझी व्हॅन घूं-घूं करायला लागली. टायरचा आवाज असेल म्हणून मी महिनाभर दुर्लक्ष केलं, चूकच. वेगाबरोबर आवाज वाढायचा, डावीकडे वळताना जास्त. त्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजवीकडे.

सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावून पुढचं उजवं चाक जॅकने उचललं, स्टँड लावला. चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड! कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट बघा.

नवीन बेअरिंग हातोडीने ठोकू देऊ नका. हबमध्ये बसवताना प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवरच हवा. नाहीतर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवंही आवाज करतं.