मागे सरकायला जागा नसते तेव्हा
जुन्या वाइड अँगल लेन्सची गोष्ट

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग हे गाव लागते. या गावात एक विहीर आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, अशा काळात दलित समाजाला आपले, हक्काचे पाणी देणारी ही विहीर. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले ते याच विहिरीच्या निमित्ताने. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर दहा वर्षांनीसुद्धा माणसांना पाण्यासाठी वेगळी वाट काढावी लागत होती, हे या विहिरीकडे पाहिले की कळते.

स्थानिक इतिहासाच्या एका प्रकल्पासाठी आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी या विहिरीचे छायाचित्र काढायला गेलो. आमच्याकडे एक वापरलेला डिजिटल कॅमेरा होता आणि त्याला बसवलेली जुनी ५० मि.मी. ची लेन्स. काठावर उभे राहून पाहिले, तर चौकटीत विहिरीचा एक तुकडाच मावेना. ‘‘सर, मागे सरका की,’’ असे एका विद्यार्थ्याने सुचवले. आम्ही मागे सरकलो, तेव्हा सगळा काठ चौकटीत आला. पण आतले पाणी काठाआड गेले! विहिरीचा फोटो आणि त्यात पाणीच नाही.

इमारतीपासून, झाडापासून मागे सरकता येते. विहिरीपासून मागे सरकले की विहीरच नाहीशी होते. जिथे आहोत तिथेच उभे राहून जास्त पाहायचे, तर वाइड अँगल लेन्स हवी. नवी लेन्स परवडणारी नव्हती, म्हणून जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्सचा शोध सुरू झाला. दुकानदाराने चार-पाच लेन्स पुढे मांडल्या. यातली कोणती घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही दीडशे वर्षे मागे गेलो.

खिडकीचे गणित

आधी थोडे गणित पाहू. आमच्या कॅमेऱ्याचा संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मि.मी. चा आहे. समरूप त्रिकोणांचा नियम लावला, तर लेन्सपासून ठराविक अंतरावर किती रुंदी चौकटीत मावेल हे सहज काढता येते : अंतराला ३६ ने गुणायचे आणि नाभीय अंतराने भागायचे. पाच मीटरवर ५० मि.मी. च्या लेन्समध्ये ३.६ मीटर रुंदी मावते, ३५ मि.मी. मध्ये ५.१, २८ मध्ये ६.४, २४ मध्ये ७.५ आणि २० मध्ये ९ मीटर. नाभीय अंतर कमी, तितकी खिडकी रुंद. इतके सोपे असेल, तर पहिल्या छायाचित्रकारांनी लगेच लहान नाभीय अंतराचे भिंग का लावले नाही? कारण भिंगाच्या मधून जाणारे किरण शहाण्यासारखे वागतात, तिरपे येणारे किरण मात्र हट्टी असतात. कडेची प्रतिमा पुसट होते, वाकते आणि काळवंडते.

विजापूर आणि अजिंठा

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा या नव्या विद्येशी जवळचा संबंध होता. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना पश्चिम भारतातील वास्तूंची छायाचित्रे काढण्याचे सरकारी काम मिळाले. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथे कॅमेरा नेला. त्यांच्यानंतर हे काम डॉ. पिगू यांच्याकडे आले. या मंडळींची विजापूरची छायाचित्रे १८६६ च्या एका मोठ्या ग्रंथात छापली गेली.

सोलापूरपासून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. गोल घुमटासमोर उभे राहिले की लक्षात येते, तिथे मागे सरकायला मैदान आहे. कोन अरुंद असला तरी इमारत मावते. पण तेव्हाच्या साध्या लँडस्केप लेन्सने कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगत. डोंगर थोडा फुगला तर कोणाला कळत नाही. मिनाराची कड फुगली तर लगेच दिसते.

अजिंठ्याची अडचण निराळी होती. तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे १८४४ पासून होते. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला, आणि लेण्यांच्या त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. लेण्यात मागे भिंत असते, शिवाय उजेड तुटपुंजा. रुंद कोन हवा आणि भरपूर प्रकाशही हवा, या दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारी लेन्स तेव्हा नव्हती. गिल यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. अशा वेळी छायाचित्राचे मोल कळते. जे चौकटीत आले ते उरते.

समतोलाची युक्ती आणि उजेडाची किंमत

१८६० च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन आणि श्नित्झर यांनी ‘ग्लोब’ नावाची लेन्स केली. तिच्या पुढच्या व मागच्या भिंगांचे बाहेरचे पृष्ठभाग एकाच गोलाचे भाग होते, म्हणून हे नाव. १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये डालमायर आणि जर्मनीत स्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे जवळपास सारखीच रचना काढली : मध्ये छिद्र आणि दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन सारख्या जोड्या. पुढची जोडी रेषेला एका बाजूला वाकवते, मागची तितकीच उलट वाकवते. वजाबाकी होते आणि रेषा सरळ राहते. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही युक्ती आहे.

या मार्गाचे टोक म्हणजे १९०० साली जर्मनीतील गोएर्झ कंपनीने आणलेली ‘हायपरगॉन’. तिच्यात फक्त दोन भिंगे, जवळजवळ अर्धगोलाएवढी वाकलेली, आणि कोन तब्बल १३५ अंशांचा. पण निसर्ग फुकट काही देत नाही. किरण जितका तिरपा, तितका प्रकाश कमी पडतो. साध्या लेन्समध्ये तो कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो. ६७.५ अंशांवर हे उत्तर सुमारे ०.०२ येते, म्हणजे मध्यापेक्षा कडेला पन्नासाव्या भागाच्या आसपास प्रकाश! विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. यावरचा उपायही गमतीदार होता. लेन्सपुढे ताऱ्याच्या आकाराचे एक लहान चक्र असे. रबरी फुगा दाबून हवेच्या झोताने ते फिरवायचे, म्हणजे मधला प्रकाश अडायचा. मग ते बाजूला करून उरलेला थोडा वेळ सगळी प्रतिमा घ्यायची.

आरशाची अडचण

पुढे लहान फिल्मचे कॅमेरे आले, आणि १९५० नंतर त्यांतला आरशाचा कॅमेरा, म्हणजे एसएलआर, लोकप्रिय झाला. यात लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये एक आरसा असतो. बटण दाबताच तो वर उडतो. त्याला हलायला जागा हवी. निकॉनच्या १९५९ च्या ‘एफ’ कॅमेऱ्यात लेन्स बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. आहे. आता २१ किंवा २८ मि.मी. नाभीय अंतराची साधी लेन्स फिल्मपासून साधारण तितक्याच अंतरावर असावी लागते. म्हणजे ती आरशावर आदळणार! निकॉनच्या जुन्या २१ मि.मी. लेन्ससाठी खरोखरच आरसा वर अडकवून ठेवावा लागे आणि चौकट पाहायला वेगळी दृश्यचौकट लावावी लागे.

यातून सुटका करणारी कल्पना सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी १९३१ मध्येच वापरली गेली होती. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी ती १९५० मध्ये स्थिर कॅमेऱ्यासाठी आणली आणि लेन्सला ‘रेट्रोफोकस’ हे नाव दिले. जर्मनीच्या येना येथील झाइसची ‘फ्लेक्टोगॉन’ त्याच सुमाराची. कल्पना अशी : पुढे अंतर्वक्र भिंग, मागे बहिर्वक्र भिंग.

हे वर्गात करून पाहता येते. १० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घेऊन दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडा. कागद भिंगापासून १० सेंमीवर येईल. आता वजा २.५ नंबरचा चष्मा भिंगाच्या पुढे, झाडाच्या बाजूला, २० सेंमीवर धरा. प्रतिमा पुसट होईल. ती पुन्हा स्पष्ट करायला कागद थोडा मागे न्यावा लागेल. मोजा : अंतर सुमारे १२ सेंमी भरेल. आणि झाडाची प्रतिमा? ती आधीच्या आठ दशांशच राहील, म्हणजे जोडीचे एकत्रित नाभीय अंतर ८ सेंमी झाले. नाभीय अंतर घटले, पण मागची मोकळी जागा वाढली. आरशाला हेच हवे होते.

मात्र या रचनेत पुढची बाजू एक आणि मागची दुसरीच. समतोलाची युक्ती सुटली, आणि सरळ रेषांचा फुगवटा परत आला. भिंगांची संख्या वाढवून तो कमी करावा लागला. जवळच्या वस्तूंसाठी कडेची प्रतिमा बिघडते, म्हणून निकॉनने १९६७ च्या २४ मि.मी. लेन्समध्ये फोकस करताना भिंगांमधले अंतरही बदलेल अशी सोय केली. दुकानदाराच्या टेबलावरची प्रत्येक लेन्स म्हणजे अशा एकेका तडजोडीचा दस्तऐवजच होता.

जुनी लेन्स निवडताना

हा इतिहास कळल्यावर निवड सोपी झाली. पहिली गोष्ट, कॅमेऱ्याचा संवेदक केवढा? तो २३.५ मि.मी. रुंद असेल, तर २८ मि.मी. ची लेन्स जवळपास ४३ मि.मी. सारखी वागते आणि ‘वाइड’पणा उरत नाही.

दुसरी गोष्ट, कड्यापासूनचे अंतर. स्क्रूने बसणाऱ्या एम ४२ पद्धतीच्या जुन्या लेन्ससाठी हे अंतर ४५.४६ मि.मी. असते. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यात ते वीस मि.मी. च्या आसपास किंवा कमी असल्याने मध्ये पोकळ कडे घालून कोणतीही जुनी एसएलआर लेन्स बसवता येते. पण निकॉनच्या ४६.५ मि.मी. च्या कॅमेऱ्यावर एम ४२ लेन्स लावली, तर ती १.०४ मि.मी. पुढे राहते. एवढ्याशा फरकाने काय होते? २८ मि.मी. ची लेन्स पाऊण मीटरपलीकडचे काहीच स्पष्ट दाखवू शकत नाही.

तिसरी गोष्ट, प्रकृती. लेन्सच्या मागून टॉर्च लावून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते आणि भिंगावरचा लेप खाते. छिद्राच्या पात्यांवर तेल नको. फोकसचे कडे एकसारखे फिरावे. शेवटी विटांच्या भिंतीचे एक चित्र काढावे. चारही कोपरे सारखे स्पष्ट असावेत. एकच कोपरा पुसट असेल, तर आतले भिंग सरकलेले आहे. रेषांचा थोडा फुगवटा चालतो; तो स्वभाव आहे, आजार नव्हे.

पुन्हा वळसंग

दुकानदाराने २० आणि २८ मि.मी. च्या दोन लेन्स दोन दिवस वापरून पाहायला दिल्या. आधी २० ची लावली. काठ, पाणी, पलीकडची माणसे, सगळे एका चौकटीत! मुले खूश झाली. पण चित्र पाहताना गडबड कळली. विहीर एखाद्या तलावाएवढी वाटत होती, आणि कडेला उभा असलेला मुलगा चांगलाच रुंद झाला होता.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. अलीकडचा काठ मोठा व पलीकडचा लहान दिसतो तो लेन्समुळे नव्हे, तर आपण कुठे उभे आहोत यामुळे. काठ एक आणि सहा मीटरवर असतील, तर कोणत्याही लेन्समध्ये हे गुणोत्तर सहासच एक राहते. वाइड लेन्स आपल्याला जवळ उभे राहू देते, एवढाच तिचा दोष. मुलाचे रुंद होणे मात्र लेन्सच्या कोनाचे. सरळ रेषा सपाट पडद्यावर सरळच ठेवायच्या, तर कडेचे गोल ताणले जाणारच. चौकटीच्या कडेला चेंडू उंचीपेक्षा किती रुंद दिसेल? ५० मि.मी. मध्ये १.०६ पट, २८ मध्ये १.१९, आणि २० मध्ये १.३५. मोबाइलच्या अतिरुंद कॅमेऱ्यातही हे घडते, फक्त तिथे संगणन ते मुकाट्याने झाकत असते.

आम्ही २८ ची लेन्स ठेवली. तिच्यात काठाचा थोडा भाग सुटतो, पण विहीर तलाव होत नाही. काठावर एक मीटरची पट्टी उभी केली, माणसांना चौकटीच्या मध्याकडे घेतले. आजूबाजूची वस्ती यात मावली नाही. तिचे चित्र वेगळे काढले, कारण वस्तीशिवाय या विहिरीचा अर्थ लागत नाही. चित्राखाली मुलांनी लिहिले : तारीख, लेन्स २८ मि.मी., काठापासूनचे अंतर, कॅमेऱ्याची उंची.

१८५५ मध्ये सरकारी कॅमेरा घुमट आणि देवळांपुढे उभा राहिला, आणि ते कामही मोलाचे होते. पण गावातल्या ज्या गोष्टीपासून मागे सरकायला जागा नसते, तिची नोंद गावानेच ठेवायला हवी. आपल्या शाळेजवळ अशी एखादी विहीर, गल्ली किंवा खोली असेल. कोणती लेन्स मिळाली हे दुय्यम आहे. आपण कुठे उभे होतो, एवढे मात्र लिहून ठेवावे.