शिंप्याने जोडलेले पान

काही वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका दुकानात जॉन स्पीडने तयार केलेल्या लेस्टरशायर काउंटीच्या नकाशाचे सुटे पान हाती आले. त्यावर लेस्टर शहराचा आराखडा होता आणि १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईचे चित्रही. सवयीने पान उलटले, तर मागे काउंटीचे वर्णन आणि गावांची यादी छापलेली. दुकानदार म्हणाला, “फ्रेम केल्यावर ती बाजू दिसत नाही.”

स्पीड पेशाने शिंपी. फल्क ग्रेव्हिलच्या आश्रयामुळे त्याला इतिहासाकडे वळता आले. नकाशांसाठी त्याने क्रिस्टोफर सॅक्स्टनच्या १५७९ च्या संग्रहासारख्या आधीच्या कामांचा आधार घेतला, आणि ते ऋण लपवले नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या योडोकस होंडियसने तांब्याचे पत्रे कोरले. १६११-१२ च्या सुमारास नकाशासंग्रह आणि ब्रिटनचा इतिहास असे जोडग्रंथ निघाले. स्पीडची खरी कामगिरी मला या जोडणीत दिसते.

पुढे तेच पत्रे अनेकदा छापले गेले, मागचा मजकूर मात्र नव्याने जुळवला जाई. १६१६ च्या आवृत्तीत तो लॅटिन आहे. त्यामुळे सुट्या पानाची आवृत्ती ओळखायला मागची बाजूच उपयोगी पडते. व्यापाऱ्यांनी असे कितीतरी ग्रंथ उसवून पाने सुटी विकली. भिंतीवर नकाशा दिसतो, पण त्याचा काळ सांगणारा मजकूर फ्रेममागे झाकला जातो.

मी ते पान घेतले. दोन्ही बाजूंनी काच लावून घेतली आहे.