न्हावी, बँक आणि ब्राउझर

माणसाने आयुष्यात सहसा बदलू नयेत अशा गोष्टींची एक अलिखित यादी आमच्या खानदेशात आहे. न्हावी, किराणा दुकानदार, भरिताची वांगी ज्या मळ्यातून येतात तो मळा, आणि बँक. पक्ष बदलला तर लोक समजून घेतात. पण न्हावी बदलला की या माणसाचे काहीतरी बिनसले आहे अशी गल्लीत चर्चा सुरू होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. तिचे नाव ब्राउझर. ब्राउझर म्हणजे संगणकातली ती खिडकी, जिच्यातून आपण सारे जग पाहतो; निदान जग येईपर्यंत गोल गोल फिरणारे चक्र तरी पाहतो.

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. तेव्हा माणसे वस्तू का बदलत नाहीत, या विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार पोचतो. काउंटरपलीकडून एक गृहस्थ मला दर महिन्याला दम देतात, "भाऊ, उद्याच्या उद्या खातं बंद करतो!" तो उद्या अजून उजाडलेला नाही. खाते बंद करायला एक अर्ज पुरतो. पण त्या खात्याला पेन्शन बांधलेली, गॅसची सबसिडी बांधलेली, विम्याचा हप्ता आणि नातवाची फी बांधलेली. त्या सगळ्या गाठी सोडवायच्या म्हणजे दहा कचेऱ्या आणि दहा अर्ज. तात्पर्य, गृहस्थ बँकेला बांधलेले नाहीत, बँकेला बांधलेल्या गोष्टींना बांधलेले आहेत. ब्राउझरचा सगळा इतिहास खरे तर एवढ्या एका वाक्यात बसतो. तरी तो जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या मराठीचे एक नुकसान दडून राहिले आहे आणि त्याची नोंद कुठल्याच खतावणीत नाही.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली या साहेबाने १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत लिहिला. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक निघाला आणि १९९४ च्या अखेरीस त्याच घराण्यातला नेटस्केप. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले, आणि योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर बाजारात आला. पुढे तो विंडोजबरोबर घरोघर फुकट येऊ लागला. पहिल्या दिवशी स्वातंत्र्य आणि दुसऱ्या दिवशी संस्थानिक, असा हा प्रकार!

फुकट मिळणाऱ्या वस्तूपुढे विकाऊ वस्तू टिकत नाही, हे सांगायला बी. कॉम. लागत नाही. नेटस्केप हरला. अमेरिकन सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, पण खटल्याच्या तारखा पडतात तोवर बाजार संपतो, हा अनुभव काय फक्त आपल्याच देशात येतो असे नाही. २००१ साली एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दहातल्या नऊ संगणकांवर तीच बसली. त्यानंतर एक्स्प्लोररचे वागणे नोकरीत कायम झालेल्या कर्मचाऱ्यासारखे झाले. सातवी आवृत्ती यायला २००६ साल उजाडले. मधली पाच वर्षे तो टेबलावर होता, पण काम करत नव्हता. पाने मध्येच थिजायची, जाहिरातींच्या खिडक्यांवर खिडक्या उघडायच्या, आणि व्हायरस तर खानावळीत यावेत तसे नेमाने यायचे.

मग लोकांनी तो सोडला का नाही? इंग्रजी वाचणाऱ्यांची कारणे त्यांना ठाऊक. मराठी वाचणाऱ्याचे कारण वेगळे होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. या बाबतीत तो थेट आमच्या मॅनेजरसाहेबांसारखा. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक लागतो. त्या काळी बहुतेक संगणकांवर हे क्रमांक फक्त इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांना मिळालेले होते. आपल्या लोकांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी चित्र बसवायचे. आत साहेब, डोक्यावर फेटा! या फेट्याला फॉन्ट म्हणतात. बरे, प्रत्येक फेटा बांधणाऱ्याची तऱ्हा निराळी. श्रीलिपीचा क्रम वेगळा, कृतिदेवचा वेगळा, शिवाजीचा वेगळा. एका वर्तमानपत्राचा 'क' तो दुसऱ्याचा 'ध'. ज्याच्या संगणकात नेमका तोच फॉन्ट नसेल त्याच्यासमोर फेटा उतरे आणि आतला साहेब उघडा पडे. मथळ्याच्या जागी डॉलर, पौंड, टक्का, डोक्यावर दोन टिंबे असलेला एखादा जर्मन स्वर आणि शेवटी उद्गारचिन्ह. परकीय चलन विभागात भूकंप झाल्यासारखे ते पान दिसे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, आप्पांनी, पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा चष्मा पुसून अहिराणीत एवढेच विचारले, "भाऊ, हाई काय शे?"

१९९७ साली आलेल्या एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीने यावर एक तोडगा काढला. पानाबरोबर फॉन्टही आपोआप पाठवायचा. वाचकाला काही करावे लागत नसे. पान उघडले की फेट्यासकट अक्षरे हजर. सोय उत्तम होती. गोम एवढीच की, ती एक्स्प्लोररपुरती होती. नेटस्केपची अशीच सोय होती, पण रीत निराळी. मराठी संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी पाहिले की गिऱ्हाईक सारे एक्स्प्लोररवाले आहेत. मग बहुतेकांनी एकाचीच सोय केली. झाले! ब्राउझर बदलणे म्हणजे मराठी वर्तमानपत्र बंद करणे, असा हिशेब होऊन बसला. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स आला. चपळ, सुरक्षित आणि सेवाभावी मंडळींनी बांधलेला. सायबर कॅफेतली पोरे त्याची तारीफ करीत. पण त्यात सकाळचे मराठी पान उघडावे तर पुन्हा डॉलर आणि पौंड. युनिकोडमधले मराठी त्यात दिसे, पण दोन्ही बाजूंचे समास सरळ ठेवण्यासाठी ओळ ताणली असेल तर वेलांट्या आणि मात्रा अक्षरांपासून फारकत घेत. हा घटस्फोट २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मिटला.

आमच्या चाळीसगावला वाट पाहण्याची मोठी परंपरा आहे म्हणा. स्टेशनसमोरच्या बंगल्यात राहणारे कलावंत केकी मूस जवळजवळ पन्नास वर्षे घराबाहेर पडले नाहीत आणि रोज रात्री पंजाब मेलची वाट पाहत, असे सांगतात. पण ती वाट प्रेमाची होती. आम्ही एक्स्प्लोररपाशी थांबलो ते प्रेमाने नव्हे, नाइलाजाने.

सुटका झाली ती कोणा नव्या ब्राउझरने केली नाही. ती गोष्ट आगगाडीच्या गावात राहणाऱ्याला चटकन कळते. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा १९०० सालापासूनचा, आणि तो मुख्य मार्गाच्याच रुंदीचा. पण तिकडे पाचोऱ्याला उतरून जामनेरला जायचे तर अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी होती. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबेपर्यंत लोकांनी बोचकी या गाडीतून त्या गाडीत वाहिली. इंजिन कितीही दमदार आणा, मुख्य मार्गाचा डबा त्या रुळांवर जायचा नाही. रूळ एका मापाचे हवेत. मराठीला असे एका मापाचे रूळ युनिकोडने दिले. त्यात 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो चाळीसगावात, न्यू जर्सीत आणि टोकियोत एकच आहे. देवनागरीला ही जागा १९९१ सालीच मिळाली होती. पण रूळ टाकले म्हणून गाडी सुरू होत नाही. विंडोज एक्सपीत मराठी नीट दिसण्यासाठी आधी एका खोक्यात खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी ज्याच्या घरी असे त्याला आमच्या गल्लीत जावयाचा मान होता.

तरीही काम हळूहळू पुढे सरकले. १ मे २००३ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये. एकेक वर्तमानपत्र त्या रुळांवर आले. २ सप्टेंबर २००८ रोजी गुगलचा क्रोम आला तोवर मराठी वाचकाचे पाय बरेचसे मोकळे झाले होते. मग त्याने ब्राउझर असा बदलला, जणू कालचा सदरा.

आता नुकसानीची नोंद. साधारण १९९६ पासून पुढची दहा-बारा वर्षे इंटरनेटवर जे मराठी लिहिले गेले, त्यातले पुष्कळ त्या जुन्या फेट्यांत होते. बातम्या, अग्रलेख, परदेशी गेलेल्या मुलांनी गणपतीच्या आठवणीने काढलेले अंक. फॉन्ट गेले, ती सोय गेली आणि १५ जून २०२२ रोजी खुद्द एक्स्प्लोररही निवृत्त झाला. त्यातली जी पाने कुठे शिल्लक आहेत ती उघडली की पुन्हा परकीय चलनातला भूकंप! ती युनिकोडमध्ये बदलता येतात, त्याची साधनेही आहेत. पण ज्याची पाने त्याने ती बदलायला हवीत ना!

याउलट आमच्या पाटणादेवीचे उदाहरण घ्या. गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटण. तिथे सोईदेव निकुंभाने भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला देणगी दिली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. त्याचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. वरचा भाग संस्कृत, खालचा मराठी. बाजारात माल विकला गेला की त्यावरचा कर मठाला द्यायचा, असा बँकेच्या माणसाला आवडेल असा चोख तपशील त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली या लेखाची माहिती प्रसिद्ध केली. साडेसहाशे वर्षे गेली होती. राज्ये बदलली होती, मराठी बदलली होती, अर्थ लावायला पंडित लागत होता. पण दगडावरचा 'म' हा 'म'च होता. आत साहेब नव्हता.

आता प्रश्न राहिला, आज ब्राउझर बदलावा का? क्रोमही अलीकडे संगणकाची निम्मी स्मरणशक्ती खाऊन ढेकर देतो आणि आपण काय पाहतो यावर नको इतकी नजर ठेवतो. पण बदलणार कुठे? एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे आतून क्रोमच्याच घराण्यातले. डबे वेगवेगळ्या रंगांचे, इंजिन एकच. निराळे इंजिन असलेले फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी, एवढेच ठळक. आणि एका कचेरीच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षी मला सूचना दिसली, "हे पान फक्त क्रोममध्येच नीट दिसेल." वाचून अंगावर काटा आला. माणसे बदलली, खुर्ची तीच! निवृत्त एक्स्प्लोररसुद्धा एजच्या पोटात एका खास व्यवस्थेने निदान २०२९ पर्यंत ठेवलेला आहे; कारण जगभरच्या कचेऱ्यांनी त्याच्याशी मारलेल्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत. खातेदार गेला, खाते चालू.

म्हणून मी फायरफॉक्सही ठेवला आहे आणि मुद्दाम वापरतो. तो फार थोर आहे म्हणून नव्हे. एकच एक खिडकी उरली की भिंत बांधणारा माजतो, म्हणून. तुम्ही कुठलाही वापरा. मात्र जे मराठी लिहाल ते कुठल्याही खिडकीतून दिसेल असे लिहा, आणि जुन्या फॉन्टमधले काही घरात पडून असेल, आजोबांच्या आठवणी म्हणा, मंडळाचे अहवाल म्हणा, तर कोणा जाणत्या पोराला बसवून ते युनिकोडमध्ये उतरवून घ्या. पाटणच्या त्या दगडावर कराची नोंद करणारा बहुधा आमच्यासारखाच कोणी कारकून असेल. त्याची नोंद आठशे वर्षांनी तपासता येते. आमची पंचवीस वर्षांपूर्वीची तपासता येत नाही. कुठलाही ऑडिटर याला लाल शाईच लावील.